सिरियल नंबर कोणाच्या नावावर आहे, ते आधी बघा

नेटवर्कचं सामान विकत घेणं सोपं आहे. ते आपलंच आहे हे सपोर्टवाल्यांना पटवून देणं किती जिवावर येतं, ते आमचा मजल्यावरचा मुख्य स्विच बिघडला तेव्हा कळलं. अजून आठवलं तरी चिडचिड होते, म्हणून लिहितोय.

स्विच, फायरवॉल, ॲक्सेस पॉइंट (वायफाय देणारे डबे) निवडणं, कोटेशन मागवणं, रॅक लावणं, व्हीलॅन (एकाच नेटवर्कचे वेगळे भाग) करणं हे सगळं सुरळीत पार पडलं. पुढे एक दिवस त्या स्विचच्या अर्ध्या पोर्टांवरून पीओई, म्हणजे नेटवर्कच्या केबलमधूनच मिळणारी वीज, येणं बंद झालं. फोन आणि वायफाय दोन्ही गेले. केबल बदलल्या, पोर्ट बदलले, फर्मवेअर (स्विचमधलं सॉफ्टवेअर) अपडेट केलं, लॉग काढले. दोष हार्डवेअरचाच होता. सपोर्टचा करार ‘नेक्स्ट बिझनेस डे’चा, म्हणजे पुढच्या कामाच्या दिवशी बदली स्विच मिळण्याचा होता, त्यामुळे मी निर्धास्त होतो.

सपोर्टचं पहिलंच उत्तर आलं: हा सिरियल नंबर तुमच्या कंपनीच्या नावावर नाही.

बिल पाठवलं. ते डीलरचं आहे, चालणार नाही. डीलर म्हणाला, मी ऑर्डरमध्ये तुमचंच नाव दिलं होतं, डिस्ट्रिब्युटरला विचारा. डिस्ट्रिब्युटर म्हणाला, आम्ही थेट ग्राहकाशी बोलत नाही, डीलरमार्फत या. सपोर्टचा इंजिनिअर म्हणाला, नाव बदलणं माझ्या हातात नाही, तो विभाग वेगळा. त्या विभागाला मेल केली तर उत्तर येईपर्यंत इकडची केस ‘ग्राहकाकडून माहिती मिळाली नाही’ असा शेरा मारून बंद! मग नवी केस, नवा इंजिनिअर, आणि पुन्हा पहिल्यापासून: केबल बदलून पाहिली का? लॉग पाठवा. तेच लॉग, तीच उत्तरं, आणि इकडे माणसं मला विचारतायत वायफाय कधी येणार.

हे का होतं तेही सांगतो. माल उत्पादकाकडून डिस्ट्रिब्युटरकडे, तिथून डीलरकडे आणि मग आपल्याकडे येतो. सपोर्टचा करार सिरियल नंबरला जोडलेला असतो. ऑर्डर देताना अंतिम ग्राहकाच्या रकान्यात डीलरचं नाव पडलं, की पैसे आपण भरूनही करार त्याच्या नावावर. आमचं नेमकं हेच झालं होतं.

शेवटी सुटलं ते एका मेलमुळे. डब्यावरच्या लेबलचा फोटो, सिरियल नंबर छापलेलं बिल, करार क्रमांक आणि ‘हा माल यांना विकला आहे, नोंद त्यांच्या नावे करावी’ असं डीलरचं लेटरहेडवरचं पत्र, सगळं एकत्र. त्यात सपोर्ट, डीलर आणि उत्पादकाचा सेल्सचा माणूस तिघांनाही घेतलं. सेल्सच्या माणसाने आतून सूत्रं हलवली आणि नाव बदललं. त्या क्षणी जो सुटकेचा श्वास घेतला, तो नवा स्विच हातात आल्यावरही घेतला नव्हता. तुम्ही अडकलात तर थेट सेल्सलाच गाठा. विकणाऱ्याला पुढची ऑर्डर हवी असते.

एक लक्षात ठेवा: आमच्या करारात ‘नेक्स्ट बिझनेस डे’ मोजला जात होता तो बदली मंजूर झाल्यापासून, बिघाड झाल्यापासून नव्हे. तुमच्या करारातलं ते कलम वाचा.

वाट पाहताना सगळे ॲक्सेस पॉइंट दुसऱ्या स्विचवर टाकले, तेव्हा पीओई बजेट, म्हणजे स्विच सगळ्या पोर्टांना मिळून देऊ शकतो ती वीज, आडवं आलं. २४ पोर्टांच्या स्विचला ३७० वॉट असतील, तर ८०२.३एएफ या पीओई मानकाच्या दर पोर्टला १५.४ वॉटने सगळे पोर्ट चालतात. त्यापुढच्या ८०२.३एटी मानकाचे ३० वॉट धरले तर १२ पोर्टांतच बजेट संपतं. म्हणून कुठल्या पोर्टला आधी वीज मिळावी, ती प्रायॉरिटी आजच लावून ठेवा.

कॉन्फिगरेशनचा बॅकअप स्विचच्या बाहेर ठेवा. आमचा होता, त्यामुळे नवा डबा चटकन उभा राहिला. मात्र त्यावर आधी जुन्या स्विचवर होतं तेच फर्मवेअर व्हर्जन चढवा. बिघडलेला स्विच परत पाठवताना एसएफपी मॉड्यूल (केबल जोडायचे सुटे भाग) आणि रॅकचे कान (रॅकला बसवायच्या पट्ट्या) काढून घ्या, बदलीच्या डब्यात ते बहुतेक येत नाहीत. कॉन्फिगरेशन पुसता आलं तर पुसा, त्यात पासवर्ड असतात.

आणि हो, बिलावर प्रत्येक डब्याचा सिरियल नंबर छापून घ्या. आमच्या खरेदीच्या अटींत आता मी एक ओळ घातली आहे: सगळे सिरियल नंबर आमच्या नावावर दिसत असल्याचा पुरावा आल्याशिवाय शेवटचा हप्ता दिला जाणार नाही.