मनगट मोडलं, मग हाडांची चौकशी झाली

अंगणात धुणं वाळत घालताना शेवाळावर पाय सटकला आणि मी उजवा हात टेकला. एवढंच. सांगलीतल्या ज्या दवाखान्यात गेले, तिथं एक्स-रे, प्लास्टर, बिल सगळं तासाभरात उरकलं. वय विचारलं ते केसपेपरसाठी. ५९. एवढ्याशा पडण्यानं हाड मोडलं कसं, हे कुणी विचारलं नाही.

पाच आठवड्यांनी प्लास्टर निघालं. मिरजेत मनगटाच्या फ्रॅक्चरवर अभ्यास चाललाय असं भाचीकडून कळलं. जाऊबाई म्हणाल्या, "अगं, प्रयोग करतील तुझ्यावर!" मुलानं सीटीआरआयवर, म्हणजे देशातल्या अशा अभ्यासांच्या सरकारी नोंदवहीत, त्याची नोंदणी आहे का ते बघितलं. होती. मग गेले.

संमतीपत्र मराठीत होतं, पण 'यादृच्छिक वाटप' म्हणजे काय ते समोरच्या मुलीलाच विचारावं लागलं. ती म्हणाली, "चिठ्ठ्या टाकल्यासारखं, काकू. काहींना इथं फिजिओथेरपी, काहींना घरी करायच्या व्यायामाचा कागद. कुणाला काय ते कंप्युटर ठरवतो, डॉक्टरसुद्धा नाहीत." मधेच सोडलं तरी नेहमीचे उपचार थांबणार नाहीत, ही ओळ दोनदा वाचली आणि डाव्या हातानं सही केली. सही कसली, कोंबडीचे पाय. नशिबी आला कागद. रागच आला, खोटं कशाला बोलू.

डेक्सा, म्हणजे हाडांची घनता मोजायची तपासणी, मात्र सगळ्यांचीच होती. मी बंद नळकांड्याची भीती धरून गेले होते. तसलं काही नाही, उघड्या टेबलावर आडवं पडायचं, पोटऱ्यांखाली ठोकळा, आणि वरून एक दांडा सरकत जातो. मणक्याचा टी-स्कोअर आला उणे २.७. उणे २.५ किंवा त्याखाली गेला की ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे हाडं ठिसूळ झालेली. तरुणपणीच्या हाडांशी तुलना करून हा आकडा काढतात म्हणे. डॉक्टर म्हणाले, पाळी गेल्यावर उभ्या उंचीवरून पडून मनगट मोडलं, तर पुढचा धोका खुब्याला आणि मणक्याला असतो, म्हणून ही तपासणी आधीच व्हायला हवी होती. कोलीस नावाच्या आयरिश सर्जननं हे फ्रॅक्चर १८१४ साली लिहून ठेवलं, एक्स-रेच्या ऐंशी वर्षं आधी, हेही त्यांनीच सांगितलं. नुसत्या बोटांनी चाचपून त्या माणसाला एवढं कळलं!

मग ३० प्रश्नांचा कागद. बरणीचं घट्ट झाकण उघडता येतं का? स्वयंपाक करता येतो का? मी विचारलं, "स्वयंपाक म्हणजे कुकर लावणं की भाकरी थापणं?" मुलगी हसली, पण कागदावर तशी सोय नव्हती. मी 'बरंच अवघड'वर खूण केली.

शेवटी पकडीची ताकद मोजायला कोपर काटकोनात ठेवून एका यंत्राची मूठ दाबायची, तीनदा. डाव्या हातानं १९ किलो, उजव्यानं ६.

परवा तिसऱ्या महिन्याची फेरी झाली. उजवा १३. हाडांचं औषध आणि ड जीवनसत्त्व वेगळं चालू आहे. भाकरी अजून एका बाजूला जाड होते.