दोन टाइल्समधली रेघ

दसरा झाला की दारावर फिनेलवाल्याच्या फेऱ्या वाढतात आणि त्याच्याकडच्या पिवळसर ॲसिडच्या बाटल्या संपायला लागतात. दिवाळीची साफसफाई म्हणजे बाथरूम धुणं, आणि बाथरूम धुणं म्हणजे ॲसिड, असं एक समीकरण कित्येक घरांत पक्कं बसलेलं आहे. ॲसिड ओतलं की फरशी फसफसते, घशात ठसका बसतो, डोळे चुरचुरतात. एवढा त्रास होतोय म्हणजे मळ नक्की निघत असणार, असं धुणाऱ्यालाही वाटतं आणि दारात उभं राहून सूचना देणाऱ्यालाही.

फसफसतो तो मळ नव्हेच. टाइलवर ग्लेझ, म्हणजे काचेसारखा गुळगुळीत थर असतो, त्यात फारसं काही मुरत नाही. मळ धरतो तो दोन टाइल्समधला सांधा, आणि तो असतो सिमेंटचा. सिमेंटमधला चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन हळूहळू कॅल्शियम कार्बोनेट होतो. त्यावर ॲसिड पडलं की तोच कार्बन डायऑक्साइड बुडबुडे होऊन परत बाहेर येतो. थोडक्यात, सांधाच विरघळत असतो. मळका थर सिमेंटसकट वाहून जातो, म्हणून खालचं पांढरं दिसतं आणि सगळे खूश. पण उघडा पडलेला भाग आता खरबरीत आणि सच्छिद्र झालेला असतो, त्यामुळे तो आधीपेक्षा लवकर काळा पडतो. मग पुढच्या वेळी ॲसिड जरा जास्त. असं करत करत सांधा टाइलच्या कडेच्या खाली बसतो आणि त्या पन्हळीत पाणी साचून राहतं. नळांची चकाकी आणि मोरीची जाळीही त्या वाफेनं जाते, ते वेगळंच. बाटलीवर नाव काही का असेना, घटकांत हायड्रोक्लोरिक ॲसिड असेल तर तिचं काम कमोडच्या भांड्यापुरतं.

खरं तर आधी मळाची जात ओळखावी. ओट्यामागच्या टाइल्सवरचा मळ तेलाचा. फोडणीची वाफ तिथे बसते, तिच्यावर धूळ चिकटते आणि सांधा तपकिरी होतो. याला ॲसिड उपयोगाचंच नाही, याला सोडा लागतो. एक लीटर गरम पाण्यात एक मोठा चमचा धुण्याचा सोडा घालून ते सांध्यांवर लावायचं, दहा-पंधरा मिनिटं राहू द्यायचं, नायलॉनच्या ब्रशनं घासायचं आणि दोनदा साध्या पाण्यानं पुसायचं. हातमोजे घालावेत, सोडा कातडी कोरडी करतो. तारेचा ब्रश किंवा तारेची घासणी नको. तिचे तुटलेले कण सांध्यात अडकतात, गंजतात आणि वर तांबूस ठिपके उठतात. हळदीच्या डागाला सोडा लागला की डाग एकदम लाल होतो, तेव्हा घाबरू नये. चुन्यानं हळदीचं कुंकू होतं, तोच हा प्रकार. साध्या पाण्यानं धुतल्यावर तो पुन्हा पिवळ्यावर येतो आणि भिंतीवर ऊन येत असेल तर आपोआप फिका पडत जातो.

बाथरूममधले पांढरे ओघळ म्हणजे क्षार. बोअरचं किंवा टँकरचं पाणी असलेल्या सोसायट्यांना हे सांगायला नको. इथे आम्ल लागतं, पण सौम्य. एक लीटर पाण्यात दोन चहाचे चमचे लिंबूसत्त्व पुरतं. त्याआधी सांधे साध्या पाण्यानं चांगले भिजवून घ्यायचे. छिद्रं पाण्यानं भरलेली असली की आम्ल आत कमी शिरतं. पाचेक मिनिटांनी घासून भरपूर पाण्यानं धुवायचं. एवढंही शहाबादी, कडप्पा, कोटा, मार्बल आणि जुन्या घरांतली मोझॅक यांच्यावर चालत नाही. या दगडांत आणि मोझॅकच्या चिपांत कॅल्शियम कार्बोनेटच असतं. कडप्प्याच्या ओट्यावर कापलेलं लिंबू पालथं राहिलं की फिकट वर्तुळ उमटतं ते त्यामुळे. तो डाग नाही, तिथला दगड खाल्ला गेलेला असतो.

राहिली काळी बुरशी. बाजारातलं साधं लिक्विड ब्लीच एक भाग आणि पाणी दहा भाग, खिडकी उघडी, दहा मिनिटं, मग धुऊन टाकायचं. ब्लीच आणि कुठलंही आम्ल, लिंबूसत्त्वसुद्धा, एकाच दिवशी, एकाच बाथरूममध्ये कधीही वापरू नये. दोन्ही एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो, आणि बंद बाथरूममध्ये तो जिवावर बेततो. बुरशी ओलीवर जगते, त्यामुळे आंघोळीनंतर भिंतीवरून आणि फरशीवरून वायपर फिरवला तर ब्लीचची बाटली वर्षभर पुरते. कोकणातल्या पावसाळ्यात एवढ्यानं भागत नाही, तिथे एक्झॉस्ट पंखाच हवा.

सांध्यातून रेती सुटत असेल तर मात्र घासणं थांबवून सांधा नव्यानं भरावा. बरेच मिस्त्री अजूनही पांढरा सिमेंट पाण्यात कालवून फडक्यानं फासतात. स्वस्त पडतं, पहिले काही महिने छान दिसतं, मग आकसून चिरा पडतात. त्याऐवजी पाकिटातला ग्राउट, म्हणजे सांधे भरायची तयार पूड घ्यावी. जुना सांधा हॅक्सॉ ब्लेडच्या तुकड्यानं निदान तीन मिलिमीटर खोल खरवडून काढायचा. जुन्यावर नवीन लिंपलं तर पापुद्र्यासारखं निघून येतं. धूळ काढून फट ओलसर करायची, पाणी साचलेलं नको. ग्राउट श्रीखंडाइतका घट्ट कालवायचा, साधारण किलोला पाव लीटरच्या आसपास पाणी, नक्की प्रमाण पाकिटावर असतं. पाच-दहा मिनिटं ठेवून पुन्हा ढवळायचा आणि नंतर वरून पाणी घालायचं नाही. सगळी कामं बिघडतात ती इथेच. घट्ट व्हायला लागला की मिस्त्री पाण्याचा शिपका मारतो आणि वाळल्यावर त्या भागाचा रंग वेगळा पडतो, सांधा भुसभुशीत होतो. रबरी फ्लोटनं (रबराच्या थापीनं) फटीला तिरकं दाबत भरायचं, पंधरा-वीस मिनिटांनी घट्ट पिळलेल्या स्पंजनं पुसायचं. स्पंज ओला असेल तर भरलेलंच बाहेर ओढून आणतो. चोवीस तास पाणी नको. बाथरूमला तीन दिवस दिले तर फार बरं, मात्र घरात दुसरं बाथरूम नसेल तर हे बोलणं सोपं आहे.

भिंत आणि फरशी जिथे मिळतात त्या कोपऱ्यात ग्राउट भरू नये, सिलिकॉन भरावं. दोन्ही पृष्ठभाग वेगवेगळे हलतात, तिथे कडक सांधा तडकणारच. फरशीत मधेच एखादा सांधा पुन्हा पुन्हा फुटत असेल तर त्या टाइलवर नाणं वाजवून पाहावं. पोकळ आवाज आला तर टाइल खालून सुटलेली आहे. ती काढून पुन्हा बसवल्याशिवाय सांधा टिकत नाही. आणि खालच्या मजल्याच्या छताला ओल आली म्हणून सांधे भरून घ्यायचे असतील, तर शेजाऱ्यांना लगेच शब्द देऊ नये. पाणी अडवणारा थर टाइलच्या खाली असतो आणि तो गेला असेल तर वरचा ग्राउट फार काही रोखू शकत नाही.

एपॉक्सी ग्राउट सिमेंटचा नसून रेझिनचा असतो, तो डाग धरत नाही, घरगुती आम्लाला दाद देत नाही. बाथरूमला तो पैसे वसूल करतो. पण महाग आहे, कालवल्यावर अर्ध्या-पाऊण तासात आवळतो आणि टाइलवर राहिलेला चिकट थर वाळला की काढताना नाकी नऊ येतात, म्हणून तो सराईत माणसाकडूनच भरून घ्यावा. घरातला सांधा कुठला आहे ते कळायला कोरड्या सांध्यावर पाण्याचा थेंब टाकावा. सांधा गडद झाला तर सिमेंटचा, आणि सीलर, म्हणजे छिद्रं बंद करणारा द्रव मारायची वेळही आलेली आहे. थेंब तसाच वर बसून राहिला तर एपॉक्सी, नाहीतर सीलर अजून शाबूत आहे.

काम झालं की मिस्त्री उरलेलं पाकीट रिकाम्या गोणीत घालून घेऊन जातो. जाण्याआधी त्यावरचं कंपनीचं नाव आणि शेडचा नंबर बाथरूमच्या कपाटाच्या दाराला आतून मार्करनं लिहून ठेवावा. पांढऱ्या म्हणून मिळणाऱ्या शेडही तीन-चार असतात.