पहिला कोण ते ठरलंय, भांडण दुसऱ्यावरून आहे

या आठवड्यात आमच्या बेल्जियममधल्या ऑफिसात काम कमी आणि प्रोनोस्टिक जास्त चाललंय. म्हणजे काय, तर मोठ्या रेसच्या आधी प्रत्येकाने थोडे युरो काढायचे, पहिले तीन कोण ते कागदावर लिहून द्यायचं, आणि मग सोमवारपर्यंत जेवणाच्या सुट्टीत दुसरा विषय काढायचा नाही. यावेळची रेस आहे सायक्लोक्रॉसची वर्ल्ड चॅम्पियनशिप, उत्तर फ्रान्समध्ये लिएव्हँ नावाच्या गावात, जुन्या कोळसा खाणींचा पट्टा आहे तो. शनिवारी १ फेब्रुवारी २०२५ ला बायकांची एलिट, म्हणजे सगळ्यात वरच्या गटाची रेस, रविवारी २ तारखेला पुरुषांची. गाव फ्रान्समधलं असलं तरी बेल्जियमच्या बॉर्डरपासून इतकं जवळ आहे की अर्धं फ्लँडर्स, म्हणजे बेल्जियमचा डच बोलणारा भाग, बसेस भरून तिकडे जाणार, झेंडे, बिअर आणि फ्राइज सगळं आलंच.

ज्यांना हा प्रकार माहीतच नाही त्यांच्यासाठी पटकन. सायकल रोड रेसची वाटते तशीच, फक्त टायर खाचांचे, आणि ३३ मिलिमीटरपेक्षा रुंद टायर चालत नाही. अडीच ते साडेतीन किलोमीटरचं सर्किट, त्यात गवत, चिखल, वाळू, चढ, मध्येच आडव्या फळ्या लावलेल्या, जिथे सायकल चालवणं शक्य नाही तिथे उतरायचं, खांद्यावर टाकायची आणि पळत सुटायचं. भात लावायला तयार केलेल्या खाचरात कुणी सायकल घातली तर कसं दिसेल, पाऊस झाल्यावर अगदी तसं दिसतं. पुरुषांची रेस साधारण तासभर, बायकांची पन्नास मिनिटं. चिखलाने भरलेली सायकल पिटमध्ये, म्हणजे सायकल बदलायच्या ठरलेल्या जागेत सोडून धुतलेली घ्यायची मुभा असते, त्यामुळे मागे मेकॅनिक लोक प्रेशर वॉशर घेऊन दर लॅपला धावपळ करत असतात, मला तर कधीकधी रेसपेक्षा तेच बघायला मजा येते.

आता मुद्द्यावर. पुरुषांमध्ये पहिल्या नंबरच्या रकान्यात आमच्या इथे सगळ्यांनी एकच नाव लिहिलंय, मथ्यू व्हान डर पुल. यावर वाद घालण्यात अर्थच नाही, या सीझनमध्ये तो ज्या रेसला उतरला ती जिंकला. डिसेंबरमध्ये लूनहाउटला पडला, बरगडीला लागलं, तरी ती रेस जिंकली आणि मग काही रेसेस सोडल्या. आत्तापर्यंत सहा वेळा वर्ल्ड चॅम्पियन झालाय, २०१५ ला पहिल्यांदा, मग २०१९, २०२०, २०२१, २०२३ आणि २०२४. सातवं झालं की एरिक डे व्लामिंकची बरोबरी, आणि इथल्या जुन्या लोकांना ते जरा टोचतंय. डे व्लामिंक हा एक्लोचा, म्हणजे मी राहते त्या गेंटपासून जवळच, १९६६ ते १९७३ मध्ये एक वर्ष सोडून दरवर्षी तोच. त्याचा भाऊ रोजरही १९७५ ला वर्ल्ड चॅम्पियन झाला, म्हणजे घरात आठ.

गंमत अशी की व्हान डर पुल डच जर्सी घालतो पण जन्मला बेल्जियममध्येच, अँटवर्पजवळच्या कापेलेनला, आणि त्याचं बोलणं ऐकलं तर डच माणूस आहे हे सांगावं लागतं. वडील आद्री स्वतः १९९६ चे वर्ल्ड चॅम्पियन, आईचे वडील फ्रान्सचे रेमों पुलिदोर, ज्यांना टूर द फ्रान्समध्ये सगळ्यात पुढे असणाऱ्याची पिवळी जर्सी कधी एक दिवसही मिळाली नाही. तर असा हा अर्धा आपला माणूस दरवर्षी बेल्जियमची मेडलं घेऊन जातो म्हटल्यावर इथल्या पब्लिकचं त्याच्याशी नातं विचित्रच आहे. कौतुकही भरपूर आणि शिव्याही भरपूर. २०२३ च्या डिसेंबरमध्ये हुल्स्टला प्रेक्षकांनी इतकं वैतागवलं की तो त्यांच्या दिशेने थुंकला, त्याबद्दल दंडही झाला. आमच्या टेबलवर यावरून अजून दोन गट आहेत.

मग पहिला ठरलेलाच असेल तर लोक कागद का भरतात? मी हे विचारलं तेव्हा एका वयस्कर कलीगने फक्त "व्हाल्केनबर्ग" एवढंच म्हटलं आणि चहा प्यायला लागला. २०१८ ची गोष्ट ती. तो सीझन व्हान डर पुलने जवळजवळ एकट्यानेच खाल्ला होता, जातोय तिथे जिंकतोय, आणि वर्ल्ड्सच्या, म्हणजे वर्ल्ड चॅम्पियनशिपच्या दिवशी व्हाल्केनबर्गला इतका जड चिखल की बेल्जियमच्या वाउट व्हान आर्टने त्याला कुठच्या कुठे मागे टाकलं. व्हान आर्ट दोन मिनिटांहून जास्त फरकाने पहिला, मिखाएल व्हानटुरेनहाउट दुसरा, आणि सगळ्यांच्या कागदावर पहिला असलेला माणूस तिसरा. त्याच्या आदल्या वर्षी लक्झेंबर्गमध्ये बिएल्सला तर व्हान डर पुलचे एकामागून एक पंक्चर झाले आणि तिथेही व्हान आर्टच जिंकला. म्हणजे वर्षभराच्या फॉर्मवर तीस रेसेसचा अंदाज बांधता येतो, एका तासाचा नाही, कारण त्या एका तासात टायर, जमीन आणि पिटपासून तुम्ही किती लांब असताना पंक्चर झालात हे सगळं येतं.

आणि तीच शेवटची वेळ, २०१८. त्यानंतर बेल्जियमच्या एकाही पुरुषाला एलिटचं टायटल मिळालेलं नाही. सायक्लोक्रॉस म्हणजे आमचंच म्हणणाऱ्या देशाला हे किती लागत असेल बघा.

म्हणून मग सगळं लक्ष व्हान आर्टवर. तो आधी वर्ल्ड्स करणार नाही म्हणत होता, सप्टेंबरमध्ये व्हुएल्टामध्ये, म्हणजे स्पेनच्या मोठ्या रोड रेसमध्ये पडून गुडघा दुखावून घेतला होता, क्रॉसचा सीझन त्याने उशिरा आणि थोडक्यात केला, आणि आता अगदी शेवटी ठरवलं की येतोय. बातमी आली त्या दिवशी आमच्याकडे निम्म्या लोकांनी भरलेले कागद परत मागितले, आणि कागद सांभाळणाऱ्या बाईंनी नियम नाही म्हणून चक्क नकार दिला (मला त्या खूप आवडतात). पण एक अडचण आहे जी हौशी लोक विसरतात. स्टार्टला आठ-आठ जणांच्या रांगा लागतात, त्या रँकिंगप्रमाणे, आणि रेसेसच कमी केल्या तर पॉइंट कुठून येणार? त्यामुळे व्हान आर्ट बराच मागे उभा असणार. क्रॉसमध्ये पहिलं वळण आलं की रस्ता चिंचोळा होतो, पुढे कुणीतरी घसरतो, मागे ट्रॅफिक जॅम, आणि तेवढ्यात व्हान डर पुल पुढे निघून गेलेला असतो, त्याला पहिल्या लॅपमध्येच निघायची सवय आहे. २०२३ ला हूगरहाइडला दोघं शेवटपर्यंत एकमेकांना चिकटून होते आणि स्प्रिंटमध्ये निकाल लागला, तसं परत बघायला मिळावं असं सगळ्यांना वाटतंय, मलाही, पण मागच्या रांगेतून ते जमणं मला तरी कठीण दिसतं. माझ्या कागदावर व्हान आर्ट दुसरा आहे, तेही पहिल्या दोन लॅपमध्ये रस्ता मिळाला तर.

तिसऱ्यासाठी मी टिबो नेस लिहिलाय. वय २२, नोव्हेंबरमध्ये युरोपियन चॅम्पियन झाला, जानेवारीत बेल्जियन चॅम्पियन. बाप स्व्हेन नेस, ज्याचं नाव घेतल्यावर इथे कुठल्याही टपरीवर तुम्हाला अर्धा तास ऐकावं लागतं, पण तोही वर्ल्ड्स दोनदाच जिंकू शकला, २००५ आणि २०१३. टिबोला कोरडं, फास्ट मैदान जास्त मानवतं असं मला वाटतं, धो धो पाऊस आला तर मी व्हानटुरेनहाउटचं नाव लिहिलं असतं. एली इझरबेट आणि टोन आर्ट्स या बेल्जियमच्याच दोघांनाही मतं पडलीत. टॉम पिडकॉक, २०२२ चा चॅम्पियन, या हिवाळ्यात क्रॉसकडे फिरकलाच नाही, त्यामुळे तो विषयच नाही.

खरं डोकं लावायचं असेल तर शनिवारची रेस. आणि ऑफिसात तिचा कागद भरायला लोक कंटाळतात याचा मला राग येतो. तिथे तिघी आहेत आणि तिघीही डच: फेम व्हान एम्पेल, पुक पीटर्से आणि लुसिंडा ब्रांड. गेल्या वर्षी टाबोरला पोडियमवर या तिघीच होत्या, फेम पहिली, ब्रांड दुसरी, पुक तिसरी. फेमने २०२३ आणि २०२४ लागोपाठ जिंकलंय. पुक फळ्यांवरून सायकलसकट उडी मारून जाते, जिथे बाकीच्या उतरून पळतात तिथे ही बसल्या बसल्या दोन सेकंद कमावते, शिवाय गेल्या वर्षी माउंटन बाइकची वर्ल्ड चॅम्पियन झाली आणि बायकांच्या टूर द फ्रान्समध्ये लिएजचा स्टेज, म्हणजे एका दिवसाची रेस, जिंकली. ती क्रॉसच्या रेसेस मोजक्याच करते, म्हणून ताजी असते, पण स्टार्टची भानगड तिलाही थोडी आहेच. ब्रांड ३५ वर्षांची, २०२१ ची चॅम्पियन, आणि या सीझनमध्ये जवळजवळ प्रत्येक रेसला पोडियमवर. जितकं जड, जितकं पळावं लागेल, तितकी ती बरी.

बेल्जियमच्या बाजूने सांगण्यासारखं इतकंच की साने कांटचा हा शेवटचा सीझन, २०१७, १८, १९ तीन वर्षं सलग तिचीच होती, तिच्यानंतर हे टायटल डच बायकांनी बाहेर जाऊ दिलेलं नाही.

माझा अंदाज: उतरून पळावं लागेल इतकी जमीन ओली नसेल तर फेम, कारण तिचा एकही कच्चा भाग नाही, वळणं, चढ, पळणं सगळंच येतं. पुक दुसरी, ब्रांड तिसरी. शुक्रवारी रात्रभर पाऊस पडला तर पहिल्या जागी ब्रांड. पण बाईंनी कागद बुधवारीच गोळा केलेत, त्यामुळे माझ्याकडून फेमच.