कातडीखाली लपलेला काटा

टेबलावरच्या माशाला बांधलेल्या चिठ्ठीवर ‘वॉर्सॉ ग्रूपर’ असं लिहिलं होतं. ग्रूपर म्हणजे आपला हेकरू, पण हा दीडशे मीटर खोलातला. वर ओढताना दाब उतरला, वाताशय, म्हणजे पोटातली हवेची पिशवी, फुगलं आणि त्याने जठर तोंडाबाहेर ढकललं होतं. अंग सगळीकडे एकसारखं गडद तपकिरी. बर्फात दोन दिवस काढलेल्या माशाच्या रंगावर मी भिस्त ठेवत नाही.

वॉर्सॉची खरी खूण पाठीच्या परात असते. त्याच्या जवळच्या भावंडांना, म्हणजे यलोएज आणि स्नोई ग्रूपरना, ११ काटे, याला १०. पर उभा करून मोजले, १० भरले. इतका दुर्मीळ मासा हाताशी आला म्हणून मी हरखून गेलो, नोंदही लिहायला घेतली. पण एक गोष्ट खटकत होती. वॉर्सॉचा दुसरा काटा तिसऱ्यापेक्षा चांगलाच लांब असतो. इथे तसं काही दिसेना. पराच्या मुळाशी पुन्हा बोट फिरवलं, तर अगदी पुढे कातडीखाली काहीतरी टोचलं. चिमट्याने कातडी सोलली आणि मोडलेल्या काट्याचा जेमतेम नखाएवढा खुंट दिसला. म्हणजे ११.

मग यलोएज की स्नोई? परांच्या कडांना पिवळेपणा नव्हता, पण तो बर्फात उडूही शकतो. म्हणून नाकपुड्या पाहिल्या. मागचं भोक पुढच्याच्या तिप्पट मोठं होतं. स्नोईच! पिल्लांच्या अंगावर पांढऱ्या ठिपक्यांच्या ओळी असतात, शेपटीच्या देठावर खोगिरासारखा काळा डाग असतो. वयाबरोबर दोन्ही पुसट होतात आणि ओळखणारा तिथेच फसतो. पिल्लं उथळ पाण्यात वाढतात, मोठे मासे खाली खडकाळ कपारींकडे जातात.

पोट उघडलं तर मादी. या जातीत मासे आधी मादी असतात, पुढे त्यांतले काही नर होतात. म्हणून थोराड मासेच वेचून काढले की नरांचा तुटवडा पडतो. हे मला फार लागतं, कारण वाढ अतिशय सावकाश असते. १९५०-६०च्या दशकांतल्या अणुचाचण्यांचा कार्बन माशाच्या कानातल्या खड्यात, म्हणजे ओटोलिथमध्ये, साठलेला असतो. त्यावरून यलोएजचं वय ८५ वर्षांपर्यंत गेल्याचं दिसलं आहे.

चिठ्ठी बदलली. मग या मादीच्या ओटोलिथचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. कडेला वर्षागणिक पडणारी वलयं दाटीने बसली होती. ती मी तीनदा मोजली.