गंगाळसागराचा घेर आणि न जुळणारा दोरा

बायबलमधल्या शलमोन राजाच्या मंदिरातल्या गंगाळसागराचा, म्हणजे धातू ओतून केलेल्या मोठ्या गोल पात्राचा, पुठ्ठ्याचा नमुना काठापर्यंत आला. १ राजे ७:२३ आणि २ इतिहास ४:२, दोन्हीकडे मापे तीच: काठापासून काठापर्यंत दहा हात, उंची पाच हात, घेर तीस हात. हात हे लांबीचे जुने माप; एका हाताला मी ३ सेंमी धरले. म्हणजे व्यास ३० सेंमी आणि दोरा बरोबर ९० सेंमीचा.

दोरा गुंडाळला आणि सव्वाचार सेंमी काठ उघडा राहिला. राहणार हे ठाऊक होतेच. तरी पायची (π, म्हणजे वर्तुळाचा घेर भागिले व्यास) किंमत कागदावर लिहिणे वेगळे आणि दोऱ्याची दोन टोके एकमेकांपर्यंत पोहोचत नाहीत हे हातात धरून पाहणे वेगळे.

मग १ राजे ७ मधले २६वे वचन घेतले. काठाची जाडी चार बोटे. हाताची २४ बोटे धरली तर ती हाताचा सहावा भाग होते, माझ्या नमुन्यात अर्धा सेंमी. व्यास बाहेरून मोजला आणि घेर आतून, असे मानले तर आतला व्यास २९ सेंमी आणि घेर ९१.१ सेंमी. फट उरली १.१ सेंमी. यहेज्केल ४०:५ मधला मोठा हात, म्हणजे नेहमीचा हात आणि वर चार बोटे, घेऊन पाहिला. त्यात काठ प्रमाणाने पातळ होतो आणि फट दीड सेंमीवर जाते.

आपल्यापैकी अनेकांनी पाहिलेले एक गणित इथेच येते: हात १८ इंचांचा, चार बोटे म्हणजे ४ इंच, आणि घेराला आतल्या व्यासाने भागून उत्तर ३.१३९५, पायच्या अगदी जवळ. पहिल्यांदा वाचले तेव्हा मला फार आनंद झाला होता. पण १८ इंचांचा सहावा भाग ३ इंच होतो, ४ नाही. तीस हातांचा दोरा आतून नेमका बसायला काठ जवळपास साडेपाच बोटे जाड हवा. वचनात चार आहेत. खोट्या तराजूचा परमेश्वराला वीट आहे असे नीतिसूत्रे ११:१ सांगते, आणि ते वचन फक्त दुकानदारासाठी आहे असे मला वाटत नाही. म्हणून ते गणित मी वहीतून काढून टाकले.

त्यानंतरची गोष्ट मला जास्त मोलाची वाटते. चार बोटांच्या काठाने आतला घेर ३०.३७ हात येतो. पूर्ण हातांत सांगायचा तर तीसच! काहीही ताणावे लागत नाही. आणि दहा-तीसच्या जागी दुसरे कोणतेही दोन पूर्णांक लिहिले असते, तरी दोरा तंतोतंत जुळला नसताच. पाय अपरिमेय आहे हे गणितज्ञ लांबर्टने १७६१ मध्ये सिद्ध केले. तो बीजातीत असल्याचे, म्हणजे पूर्णांक सहगुणकांच्या कोणत्याही बहुपदी समीकरणाचे उत्तर नसल्याचे, गणितज्ञ लिंडेमानने १८८२ मध्ये दाखवले. हे गुणोत्तर दोन पूर्णांकांत मावतच नाही. खगोलशास्त्रज्ञ केप्लर १६१९ मध्ये लिहितो की भूमिती देवाइतकीच अनादी आहे, निर्मितीच्या आधीपासून त्याच्या मनात आहे. मलाही तेच पटते. गंगाळ हीराम या कारागिराने ओतले. पाय कोणी ओतला नाही.

माशाच्या आकृतीवरही थोडे काम झाले. सारखी दोन वर्तुळे, प्रत्येक दुसऱ्याच्या केंद्रातून जाणारे. मधल्या भागाची लांबी आणि रुंदी यांचे गुणोत्तर ३चे वर्गमूळ. आर्किमिडीजने त्यासाठी २६५/१५३ ही खालची मर्यादा वापरली होती. २६५चा वर्ग ७०२२५, १५३च्या वर्गाची तिप्पट ७०२२७. फरक अवघा २. योहान २१:११ मध्ये जाळ्यातले मासेही १५३, म्हणून या दोन्हींची सांगड घालतात. मी घालत नाही. ते मासे मला मोजलेले मासे म्हणूनच प्रिय आहेत: पहाट, किनारा, प्रभू वाट पाहतो आहे, आणि कोणीतरी एकेक मोजतो आहे. प्राचीन ख्रिस्ती धर्मपंडित ऑगस्टीनचा विचार मात्र करून पाहावा असा आहे. १ ते १७ची बेरीज १५३. दहा आज्ञा आणि पवित्र आत्म्याची सात दाने मिळून १७. मी १५३ ठिपक्यांचा त्रिकोण काढला. तळाच्या ओळीत १७ ठिपके नीट बसवायला तीन कागद लागले.

आता काठ. २६वे वचन त्याला कमळाच्या फुलासारखा म्हणते, म्हणजे तो बाहेर वळलेला असणार. दोरा त्या वळणाच्या खालून फिरवला तर घेर आपोआप लहान येईल. पण वळण किती, हे वचन सांगत नाही. त्यामुळे त्यावरून पाय काढायचा नाही. पाकळ्या फक्त सुबक वळवायच्या. तीन कापून झाल्या आहेत. पुठ्ठा ओला करून वळवला की पापुद्रे सुटतात, म्हणून चौथी पाकळी जाड कागदाचे दोन थर चिकटवून करणार आहे. खालचे बारा बैल त्यानंतर.