लिस्पमधून बाहेरचा प्रोग्रॅम चालवताना: स्ट्रिंग नको, यादी द्या

कॉमन लिस्पच्या 1994 च्या अ‍ॅन्सी मानकात बाहेरचा प्रोग्रॅम चालवायची सोयच नाही. प्रत्येक लिस्प अंमलबजावणीची रीत निराळी: एसबीसीएलची वेगळी, सीसीएलची वेगळी, लिस्पवर्क्सची तिसरीच. लायब्ररी लिहिणाऱ्याने प्रत्येकासाठी #+ च्या (म्हणजे ‘हे लिस्प असेल तरच हा कोड’ अशा) फांद्या वाढवत बसू नये. एएसडीएफ 3 या बिल्ड साधनासोबत येणाऱ्या यूआयओपी लायब्ररीतलं रन-प्रोग्रॅम हे फंक्शन त्यासाठीच आहे. तरीही जळगावच्या लिनक्स सर्व्हरवर बिनबोभाट चाललेला कोड रावेरच्या केळी व्यापाऱ्याच्या विंडोजवर आपटतो. बहुतेकदा आज्ञा स्ट्रिंग म्हणून दिलेली असते.

स्ट्रिंग दिली की ती शेलच्या, म्हणजे आज्ञा वाचून चालवणाऱ्या प्रोग्रॅमच्या, हाती जाते. युनिक्सवर एसएच, विंडोजवर सीएमडी, आणि दोघांचे अवतरणचिन्हांचे नियम जुळत नाहीत. फाइलचं नाव ‘पारोळा & अमळनेर भाव’ असलं तर प्रोग्रॅमला फक्त ‘पारोळा’ मिळतं आणि शेल ‘अमळनेर’ नावाची आज्ञा शोधत फिरतो. यादी दिली तर मधे शेल येत नाही. यादीतला एक घटक म्हणजे एक अर्ग्युमेंट, जसाच्या तसा. विंडोजवर अखेर एकच सलग ओळ जाते, पण तिची अवतरणं यूआयओपी किंवा त्याखालचं लिस्प लावतं. बॅच फाइल मात्र टाळा, तिची ओळ सीएमडी पुन्हा वाचतो आणि सगळं मुसळ केरात. ‘डिर’, ‘कॉपी’ हे तर प्रोग्रॅमच नाहीत, सीएमडीच्या पोटातल्या आज्ञा आहेत.

यादीत पाथनेम (लिस्पचा फाइलच्या पत्त्याचा ऑब्जेक्ट) घालताना नेमस्ट्रिंग नको, नेटिव्ह-नेमस्ट्रिंग वापरा. नावात चौकोनी कंस असेल तर एसबीसीएलचं नेमस्ट्रिंग त्यापुढे उलटी तिरपी रेघ घालतं आणि प्रोग्रॅम म्हणतो, अशी फाइल नाही.

प्रोग्रॅमचं नावही गृहीत धरू नका. पीडीएफ हाताळणारं घोस्टस्क्रिप्ट लिनक्सवर ‘जीएस’, विंडोजवर ‘जीएसविन64सी’. चित्रं हाताळणाऱ्या इमेजमॅजिकचं ‘कन्व्हर्ट’ बोलवायला जावं तर विंडोजचं डिस्कची फाइलसिस्टम बदलणारं ‘कन्व्हर्ट’ पुढे येतं, कारण विंडोजचं सिस्टम32 फोल्डर पाथमधल्या फोल्डरांच्या आधी तपासलं जातं. नाव एका व्हेरिएबलमध्ये ठेवा आणि वापरणाऱ्याला बदलू द्या.

आउटपुटबद्दल काही सांगितलं नाही तर ते फेकून दिलं जातं. मजकूर हवा तर तसं मागा. एररचा प्रवाह वेगळा ठेवा, नाहीतर इशारे आकड्यांत मिसळतात. एक्झिट कोड (प्रोग्रॅम संपताना देतो तो आकडा) शून्य नसला की सबप्रोसेस-एरर उठतो, पण मजकूर शोधणाऱ्या ‘ग्रेप’ला काही सापडलं नाही तरी तो 1 देतो, म्हणून तिथे इग्नोर-एरर-स्टेटस लावून तिसरी परतलेली किंमत स्वतः तपासा. प्रोग्रॅमच नसेल तर युनिक्सचा शेल 127 देतो. यादीच्या वाटेने एसबीसीएल साधा एरर उठवतं, सबप्रोसेस-एरर नव्हे. हॅन्डलर दोन्हींसाठी लागतो.

यूआयओपीच्याच लाँच-प्रोग्रॅमने समांतर चालवताना आउटपुट स्ट्रीम मागितला आणि न वाचताच वेट-प्रोसेस (संपायची वाट पाहणं) केलं, तर थोड्या मजकुरावर चालतं, जास्तीवर लटकतं. लिनक्सवर पाइपमध्ये साधारण 64 केबी मावतात. ती भरली की मूल (चालवलेला प्रोग्रॅम) लिहिताना थांबतं आणि आई (आपलं लिस्प) त्याच्या संपण्याची वाट पाहत बसते. आधी स्ट्रीम शेवटपर्यंत वाचा, मग वाट पाहा. नाहीतर आउटपुट सरळ फाइलमध्ये.

देवनागरीसाठी एक्स्टर्नल-फॉरमॅट (अक्षरांचं एन्कोडिंग) यूटीएफ-8 स्पष्ट लिहा. ठरल्या वेळी कामं चालवणाऱ्या क्रॉनमध्ये लोकॅल (भाषा-एन्कोडिंगची सेटिंग) बहुधा सेट नसतं, आणि विंडोजचे पुष्कळ जुने प्रोग्रॅम कन्सोलच्या कोडपेजमध्ये बोलतात, तिथे ‘चोपडा’चं प्रश्नचिन्ह होतं. शक्य असेल तर प्रोग्रॅमला यूटीएफ-8 फाइल लिहायला सांगा आणि ती वाचा.

चालू फोल्डर बदलायला सीएचडीआयआर वापरू नका, चालू फोल्डर सगळ्या थ्रेडांचा एकच असतो. डिरेक्टरी हे अर्ग्युमेंट द्या. एन्व्हायर्न्मेंट व्हेरिएबल्सचंही तेच दुखणं. युनिक्सवर त्यावर स्वस्त उपाय म्हणजे यादीच्या सुरुवातीला ‘एन्व्ह’ आणि नाव=किंमत जोडणं. विंडोजवर तो चालत नाही, तिथे प्रोग्रॅमचा स्वतःचा ऑप्शन शोधावा लागतो.