शार्कचे जीवाश्म दात शोधायला मुलांना घेऊन जाताना

शार्कचे दात शोधायला निघालेली कुटुंबं पुळणीवर पोचली की माना खाली घालून चालायला लागतात. किलोमीटरभर चालून होतं, मुलं कंटाळतात आणि पिशवीत फक्त शिंपले जमतात. खरं तर आधी शोधायची असते बारीक खडीची पट्टी. ती सापडली की चालणं बंद करायचं आणि तिथेच फतकल मारून बसायचं.

कारण सगळं वजनात आहे. किनाऱ्यावरची वाळू बहुतेक क्वार्ट्झची, तिची घनता पाण्याच्या २.६५ पट. जीवाश्म दात फ्लोरअ‍ॅपेटाइट या खनिजाचा, त्याची घनता ३ पटीच्या पुढे, आणि वाळूच्या कणापेक्षा तो कितीतरी मोठा. लाट जोरात वर येते आणि मंद होऊन परतते. परतताना बारीक वाळू सोबत नेते, जड माल मात्र टाकून जाते. म्हणून गुळगुळीत, सपाट वाळूत दात क्वचितच दिसतो. तो असतो लाट फुटते त्या जागच्या खळग्यात, शिंपल्यांचा चुरा साचलेल्या रांगेत, किंवा मोठा गोटा वा ओंडका अडवा आला असेल तर त्याच्या आडोशाला. मुगाच्या दाण्यापासून सुपारीपर्यंतच्या मापाचे खडे एकत्र दिसले, तर जागा बरोबर आहे असं समजा.

अर्थात मुळात जवळपास दात असलेला थर हवा. शार्कचा सांगाडा कूर्चेचा, तो सहसा टिकत नाही. दात मात्र आयुष्यभर गळत राहतात, मागच्या रांगेतले पुढे सरकतात, आणि एकेक शार्क असे हजारो दात समुद्रतळावर टाकून जाते. त्यामुळे ठरावीक ठिकाणी ते रगड मिळतात. अमेरिकेतल्या मेरीलँडचे कॅल्व्हर्ट कडे साधारण १ ते २ कोटी वर्षांपूर्वीच्या मायोसीन काळातले. फ्लोरिडात व्हेनिसचा किनारा आणि पीस नदीचं पात्र. इंग्लंडमध्ये वॉल्टन-ऑन-द-नेझ, तिथली लंडन क्ले नावाची चिकणमाती ५ कोटी वर्षांहून जुनी. जिथे असा थर नाही तिथे कितीही सुंदर खडी असली तरी दिवस फुकट जातो, म्हणून निघण्याआधी भूशास्त्रीय नकाशा किंवा जवळच्या संग्रहालयाची माहिती जरूर पाहावी.

नियमही आधीच पाहून ठेवा. फ्लोरिडात सरकारी जागेवरचे पृष्ठवंशी प्राण्यांचे जीवाश्म उचलायला फ्लोरिडा म्युझियम ऑफ नॅचरल हिस्टरीचा परवाना लागतो, पण शार्कच्या दातांना त्यातून सूट आहे. म्हणजे दात उचलला तर चालतं, पण शेजारचं जुन्या प्राण्याचं हाड परवान्याशिवाय उचललं तर नाही. कॅल्व्हर्ट क्लिफ्स स्टेट पार्कमध्ये वाहनतळापासून किनाऱ्यापर्यंत जवळपास ३ किलोमीटर जंगलातून चालावं लागतं. लहान मुलं जाताना उड्या मारतात आणि येताना खांद्यावर बसतात, हे धरूनच पाणी आणि वेळ ठरवा. तिथे कड्याखाली जायला आणि कडा खणायला बंदी आहे. ती बंदी मनापासून पाळावी, आणि जिथे बंदी नाही अशा कड्यालाही तोच नियम लावावा. मातीचे हे कडे आतून पाणी मुरून सुटतात, आणि दरड कोसळण्याआधी आवाज होईलच असं नाही. पावसानंतरचे दिवस सर्वांत वाईट. कड्याच्या उंचीइतकं तरी अंतर राखा आणि मुलांना वाळूत रेघ मारून दाखवा: याच्या पलीकडे कुणीही जायचं नाही.

वेळ ओहोटीची. पाणी तळाला जाण्याच्या दीड-दोन तास आधी पोचलं की मागे सरणाऱ्या पाण्याबरोबर नवी पट्टी उघडी पडत जाते. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी सर्वांत खोल जातं, अष्टमीच्या सुमाराच्या भांगाला फार थोडं. काही ठिकाणी मात्र पंचांगापेक्षा वारा मोठा. कॅल्व्हर्ट कडे ज्याच्या काठी आहेत त्या चेसापीक उपसागरात भरती-ओहोटीतला फरक मुळातच कमी, तिथे जमिनीकडून पाण्याकडे वाहणारा वारा एकदोन दिवस टिकला की चांगली पट्टी उघडते. वादळ होऊन गेल्यानंतरचे दिवसही उत्तम, कारण लाटांनी थर कापून नवा माल खाली आणलेला असतो. पीस नदीचं वेगळं: तिथे हिवाळ्यापासून वसंतापर्यंतचा कोरडा हंगाम हवा, पाणी गुडघ्याच्या वर नको, आणि मगरींचं भान कायम हवं. उबदार उथळ समुद्रात पाऊल उचलून टाकू नका, तळाशी घासत पुढे न्या, म्हणजे वाळूत दडलेला पाकट आधीच निसटतो.

चाळण घरी करता येते. ४० बाय ५० सेंटिमीटरची लाकडी चौकट, ८ सेंटिमीटर उंच फळ्या, तळाला ६ मिलिमीटरची गॅल्व्हनाइज्ड जाळी. नुसते स्टेपल मारून जाळी लावली की दहाव्या-बाराव्या खेपेला ती सुटते, कारण ओल्या खडीचं सगळं वजन त्या पिनांवर येतं. म्हणून जाळीच्या कडेवर खालून पातळ पट्टी ठेवून स्क्रू मारा. तारांची टोकंही त्या पट्टीखाली दबतात, मुलांचे हात ओरबाडत नाहीत. चाळण एक-तृतीयांशच भरायची. काठोकाठ भरली तर माल हलत नाही, नुसता दबतो, आणि उचलताना पाठ जाते. पाण्यात धरून डावी-उजवीकडे हिसके द्या, वाळू गळू द्या, मग उरलेली खडी बोटांनी एका थरात पसरा. इथेच घाई होते. ढिगाकडे वरून नजर टाकून चाळण उलटी केली जाते, आणि खालच्या बाजूचे दात परत पाण्यात जातात. लहान मुलांना स्वयंपाकघरातली ३ मिलिमीटरच्या जाळीची गाळणी द्या. मोठ्या जाळीतून निसटणारे बारके दात त्यांनाच मिळतात.

चाळणीशिवायही जमतं. मूठभर ओली खडी तळहातावर घ्या. करडे खडे, पांढरा शिंपल्याचा चुरा, तपकिरी मातीचे गोळे, आणि मध्ये एक काळं टोक. बोटाने फिरवा. एक भाग काचेसारखा चकचकीत, त्याला लागून दुसरा भाग निस्तेज, किंचित सच्छिद्र, आणि दोघांमधली रेघ स्पष्ट. चकाकी म्हणजे दाताचा मुकुट, निस्तेज भाग म्हणजे मूळ. दगडात हा जोड नसतो. काळ्या शिंपल्याचा तुकडा नखाने पापुद्र्यांत सुटतो, हाडाच्या तुकड्यात छिद्रंच छिद्रं दिसतात, खेकड्याच्या नांगीचं टोक आतून पोकळ असतं. फणीसारखे दाते असलेली चपटी वस्तू मिळाली तर टाकू नका, ती पाकटाच्या दातांची पट्टी असू शकते.

रंगावरून वय सांगता येत नाही. काळा, राखाडी, तांबूस, मधाळ, हे सगळे रंग गाळातल्या खनिजांचे. ओळख आकारावरून करा. बारीक दातेरी कडेचे त्रिकोणी दात रेक्विएम शार्कांच्या मोठ्या कुळातले, अनेक ठिकाणी हेच जास्त. लांब, सुईसारखा, बाजूला दोन चिमुकली टोकं असलेला दात सँड टायगर शार्कचा. टायगर शार्कचा दात कोंबड्याच्या तुऱ्यासारखा वाकलेला, बाजूला खोल खाच. हेमिप्रिस्टिस या शार्कच्या वरच्या दाताला जाड करवत असते, पण ती टोकापर्यंत जात नाही. आणि ज्याच्यासाठी सगळे जातात तो महाकाय शार्क, मेगॅलोडॉन: जाडजूड मूळ, बारीक एकसारखी करवत, मुकुट आणि मूळ यांच्यामध्ये गडद रंगाचा पट्टा. तो सुमारे ३६ लाख वर्षांपूर्वी नामशेष झाला, आणि त्याचे सर्वांत मोठे दात १८ सेंटिमीटरच्या आसपास आहेत. पहिल्याच फेरीत तो मिळण्याची आशा मुलांना दाखवू नका. नखाएवढा अखंड दात हेच बक्षीस म्हणून सांगा, तो बहुधा मिळतो.

मुलांना हे दात पूर्वी ‘जिभेचे दगड’ समजले जात हेही सांगा. १६६६ साली डॅनिश शरीरशास्त्रज्ञ निकोलस स्टेनो यांनी इटलीत लिव्होर्नोजवळ पकडलेल्या एका प्रचंड शार्कच्या डोक्याचं विच्छेदन केलं आणि त्या दगडांचं शार्कच्या दातांशी असलेलं साम्य मांडलं. चकचकीत मुकुट हातात धरला की जीभ का म्हणत असतील ते लगेच पटतं.

शोधताना उन्हाकडे तोंड करून जा, पाठ करून परत या. कोवळ्या तिरप्या उन्हात समोरून येणारा प्रकाश मुकुटावर चमकतो, परतताना आकार नीट दिसतात. प्रत्येक मुलाला दोरीचा एक मीटरचा गोल आखून द्या. एवढ्याशा जागेत दहा मिनिटं टिकलेली नजर शंभर मीटर भटकण्यापेक्षा जास्त दात काढते, आणि भांडणं होत नाहीत. सापडलेला दात खिशात नको, चाव्यांवर घासून टोक तुटतं. आत स्पंज लावलेली छोटी डबी चांगली. कापूस ओला होऊन करवतीत अडकतो.

घरी आल्यावर खाऱ्या पाण्यातले दात गोड्या पाण्यात आठवडाभर ठेवा, पाणी रोज बदला. मीठ आत राहिलं तर वाळताना त्याचे स्फटिक वाढतात आणि मुकुटाला तडे जातात. मग मऊ टूथब्रश, आणि सावलीत वाळवणं. व्हिनेगर लावू नका, आम्लात अ‍ॅपेटाइटच विरघळतं. ब्लीचही नको. चिकणमातीतल्या काही दातांत पायराइट हे लोह आणि गंधकाचं खनिज असतं. त्यावर पिवळट-पांढरी भुकटी आणि गंधकाचा वास आला तर ओलावा लागला आहे. असे दात सिलिका जेलच्या पुड्यांसह बंद डबीत वेगळे ठेवा. डबीवर त्याच दिवशी तारीख आणि नेमकी जागा लिहा, चार डब्या झाल्या की आठवणीने जुळवता येत नाहीत.

एकाच जागी, एका ओळीत बरेच दात किंवा मणके थरात रुतलेले दिसले, तर हात लावू नका. शेजारी नाणं ठेवून फोटो घ्या, जागा टिपा आणि जवळच्या संग्रहालयाला कळवा. तो एकाच प्राण्याचा अवशेष असू शकतो, आणि दात कुठल्या क्रमाने पडले होते हे उपसल्यानंतर कुणालाच सांगता येत नाही.